श्रावणात ठरलेली शिकार

आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या मराठी मंडळींत शैलेंद्र डुबलची ओळख करून देताना लोक आवाज जरा खाली आणतात. "हा शैलेंद्र. डब्लिनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आणि हो, याच्याकडे बंदूक आहे." नवा पाहुणा नकळत एक पाऊल मागे सरकतो, आणि शैलेंद्र हातातलं पुरणपोळीचं ताट सावरत ओशाळं हसतो. खरं तर इतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या लीश परगण्यात शोधून सापडायचा नाही. सकाळच्या डब्लिन गाडीत म्हातारं माणूस दिसलं की उठून उभा राहणारा, ऑफिसात कुणी आवाज चढवला की स्वतःच माफी मागणारा. बंदूक असते ती भिंतीला ठोकलेल्या लोखंडी कपाटात, किल्ली त्याच्या एकट्याकडे, आणि गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, येऊन सगळं नीट आहे ना हे पाहून जातात. पण बंदूक म्हटली की लोकांना कपाट दिसत नाही, बंदूकच दिसते.

हे प्रकरण सुरू झालं २०१४ साली. शैलेंद्र आणि सुलेखानं गावाबाहेर, स्लीव्ह ब्लूमच्या डोंगरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर घर घेतलं. सुलेखा तिथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत कामाला, माहेर ठाण्याचं. मुलगी अनुया तेव्हा दहा वर्षांची. घरामागे पॉड्रिग डिलेनी नावाच्या दूधवाल्या शेतकऱ्याची कुरणं होती. एका शनिवारी शैलेंद्र कुंपणाच्या तारेबद्दल काही विचारायला त्याच्या गोठ्यावर गेला, तर आत आडव्या तुळईला हरीण टांगलेलं. आपल्यातला दुसरा कुणी असता तर तसाच उलट्या पावली फिरला असता. शैलेंद्र तिथेच उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "किती लांबून मारलंत?" पॉड्रिगनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी ये. जाड मोजे घाल."

पहिली दोन वर्षं तो नुसता दुर्बीण घेऊन मागून चालला. डोंगरात हरणं फार झाली की कोवळी झाडं सोलून टाकतात, म्हणून दरवर्षी ठरावीक मारावी लागतात, हे त्याला तिथे कळलं. वारा तोंडावर घेऊन चालायचं, खात्री नसेल तर बोट चापाला लावायचंच नाही, आणि मारलेलं खायचं, वाया घालवायचं नाही. २०१६ मध्ये त्याला स्वतःचा परवाना मिळाला. पण त्याला खरी गोडी लागली होती ती तिथल्या गप्प बसण्याची. पॉड्रिग तास न् तास एक शब्द बोलत नसे. दिवसभर मीटिंगमध्ये लोकांचं बोलणं ऐकणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख कोणतं? "कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उठवत नाही तुला," सुलेखा म्हणायची, "आणि हरणासाठी पहाटे चिखलात पालथा पडतोस!"

पॉड्रिगला 'शैलेंद्र' म्हणणं जमलं नाही. त्यानं पहिल्याच महिन्यात त्याचं 'शे' करून टाकलं. शे हे त्यांच्यातलंही नाव, त्यामुळे गावातल्या दुकानात, क्लबात तो सगळ्यांचाच शे झाला. कराडच्या मंगळवार पेठेतल्या पोराचं हे असं झालं, आणि त्याला ते मनापासून आवडलंही.

देवाधर्माचं म्हणाल तर शैलेंद्रनं सगळं केव्हाच सोडून दिलं होतं. गणपतीला हॉलमध्ये जायचा तो अनुयाच्या नाचासाठी. एकच गोष्ट त्यानं सोडली नव्हती, ती म्हणजे श्रावण. महिनाभर मटण नाही, अंडं नाही, बिअरचा घोट नाही. ऑफिसच्या ऑगस्टमधल्या बार्बेक्यूला हा मक्याचं कणीस चघळत उभा. सुलेखाला याचं भारी हसू यायचं. कारण विचारलं की तो म्हणे, "सवय आहे." आयर्लंडमध्ये नर हरणांचा हंगाम सप्टेंबरात उघडतो, त्यामुळे श्रावणाची आणि बंदुकीची गाठ कधी पडली नव्हती.

२०१७च्या ऑक्टोबरात पॉड्रिगनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा ओतला. त्याच्या डोक्यावर, भांड्यांच्या फडताळावर, एक पीळदार लांबलचक शिंग होतं. पॉड्रिगचा एक चुलतआजा पाद्री होऊन आफ्रिकेत गेला होता. त्यानं ते आणलेलं. कुडू नावाच्या जनावराचं. पॉड्रिग लहान असताना खुर्चीवर चढून त्या पिळांवरून बोट फिरवायचा.

"मी एकसष्टचा झालो," पॉड्रिग म्हणाला. "हा प्राणी जिवंत पाहायचाय. आणि जमलं तर एक, फक्त एक, नीट मारायचाय. एक माणूस आहे नामिबियात, त्याचं मोठं शेत आहे, तो नवख्यांना शिकारीला घेऊन जातो. पण मी एकटा जाणार नाही, शे."

एकटा जाणार नाही म्हणजे जाऊ शकणार नाही, हे शैलेंद्रला कळलं. पॉड्रिग आयुष्यात फक्त एकदा, लूर्दच्या यात्रेला, देशाबाहेर गेला होता, आणि तोही गावच्या चर्चमधल्या सगळ्या मंडळींबरोबर. विमानतळ, कागद, परवाने, बंदुकीच्या पेट्या, यातलं काही त्याच्यानं एकट्यानं निभणारं नव्हतं. आणि दिवसही त्याच्या हातात नव्हते. गाई रोज दोन वेळा पिळाव्या लागतात. त्याचा पुतण्या शेतकी कॉलेजात; ते उघडायच्या आधी, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, तेवढा तो गोठा सांभाळू शकत होता. तो आठवडा किंवा मग कधीच नाही.

शैलेंद्रनं मनातल्या मनात हिशेब केला. यंदा पोळा एकवीस ऑगस्टला झाला, म्हणजे श्रावण तिथे संपला. चांद्रमास दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, म्हणजे पुढच्या वर्षी दहा ऑगस्टच्या आसपास. पंचवीस तारखेला निघायचं म्हणजे अडचणच नाही. हिशेब इंजिनिअरचा होता, अगदी काटेकोर. "ग्रँड," तो म्हणाला, आणि त्यांनी आगाऊ पैसे भरून टाकले.

मग तो हिवाळा दोघांचा सुखाचा गेला. त्या शेतमालकाशी ईमेल शैलेंद्र करायचा आणि छापून पॉड्रिगला वाचून दाखवायचा. माळरानावरची जनावरं म्हणजे नुसता कुडू नाही. तलवारीसारख्या शिंगांचा गेम्सबॉक, चपळ स्प्रिंगबॉक, चिखलात लोळणारा रानडुकरासारखा वॉर्टहॉग. पॉड्रिगनं त्याचा कुडू ठरवला. शैलेंद्रनं आपल्या नावावर एक गेम्सबॉक लिहिला. तिथे झोपून गोळी मारता येत नाही, गवत आडवं येतं. तीन पायांच्या काठ्यांवर बंदूक टेकवून उभ्यानं मारावी लागते. दोघांनी हेझलच्या काठ्या बांधून तसं तिकाटणं केलं आणि क्लबच्या रेंजवर उभ्यानं सराव सुरू केला. जनावराचं चित्र कागदावर मोठं करून लावलं, कारण तिकडच्या जनावरांचं काळीज इकडच्या हरणांपेक्षा खाली आणि पुढे असतं. इथल्या सवयीनं मारलं तर गोळी वर बसते आणि जनावर हालहाल होऊन मरतं. त्या शेतमालकाचा एक नियम होता: रक्ताचा एक थेंब जरी सांडला तरी ते जनावर तुमचं, सापडो वा न सापडो, तुमची शिकार तिथे संपली. पॉड्रिगला हा नियम फार पटला. मांस सगळं तिथेच राहणार होतं, शेतावरच्या कुटुंबांसाठी. पॉड्रिगनं नवे बूट घेतले आणि पाय सरावावेत म्हणून ते घालूनच तो गाई पिळायला लागला.

जूनच्या शेवटी शैलेंद्रचे वडील आले. पुरुषोत्तम डुबल, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. शैलेंद्रची आई, प्रभा, तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि अण्णा कराडला एकटेच राहत होते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहायचा व्हिसा होता. बापलेकांत भांडण नव्हतं. पण बोलणंही नव्हतं. शैलेंद्र त्यांना डॉक्टरकडे नेई, थंडी वाजते का विचारी, गरम पाण्याची पिशवी भरून देई, आणि मग कामाचं निमित्त करून वरच्या खोलीत निघून जाई. अण्णा मागच्या दारी खुर्ची टाकून पॉड्रिगच्या गाई बघत बसायचे. अनुयाशी मात्र त्यांचं सूत जुळलं. ते मराठीत बोलत, ती आयरिश इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांना एकमेकांचं सगळं समजलं असं दोघंही सांगत.

एका संध्याकाळी जेवताना सुलेखानं विचारलं, "वीणाताई कशा आहेत, अण्णा?" वीणा शैलेंद्रची बहीण, सांगलीला दिलेली.

"झ्याक हाय की. आत्ता धोंड्याच्या महिन्यात बोलावलं हुतं दोघास्नी. जावयाला चांदीचं निरंजन दिलं, अनारसं दिलं. प्रभा असती तर तेहतीस मोजून केलं असतं तिनं. म्या दुकानातनं आणलं."

शैलेंद्रचा घास हातातच राहिला. धोंड्याचा महिना. अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येणारा तो जास्तीचा महिना जावयांसाठी आनंदाचा असतो. बाकी जगासाठी तो पुढचे सगळे सण महिनाभर लांबवतो. त्यानं जेवण संपवलं, वर जाऊन फोनवर पंचांग पाहिलं आणि कॉटवर बसून राहिला. श्रावण बारा ऑगस्टला लागत होता आणि नऊ सप्टेंबरला संपत होता. नामिबियातला सबंध आठवडा श्रावणाच्या पोटात जाऊन बसला होता.

आता ही 'सवय' काय होती ते सांगायला हवं, कारण शैलेंद्रनं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

अण्णा प्यायचे. चैनीची नव्हे, रोजची. संध्याकाळी कचेरीतून निघाले की घरी पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि ते पोचले की आई दोन्ही पोरांना आतल्या खोलीत सरकवून दार ओढून घ्यायची. वर्षातले अकरा महिने हे असं. पण श्रावणात अण्णा पीत नसत. त्यांच्या बापानं घालून दिलेला दंडक होता, आणि तो एकच दंडक त्यांनी आयुष्यात मोडला नाही. श्रावण लागला की अण्णा उजेडी घरी यायचे. सोमवारी शाळा अर्धी असायची, अण्णाही लवकर यायचे, आणि पोराला सायकलच्या नळीवर बसवून कृष्णा-कोयनेच्या संगमावर न्यायचे. संध्याकाळी उपास सोडायला सगळे एका ओळीत बसायचे. अण्णा स्वतःच्या हातानं शैलेंद्रचा वरणभात कालवून द्यायचे. पाढे त्यांनी शिकवले ते श्रावणात. पोहायला नाही, पण सायकल शिकवली तीही श्रावणात. शैलेंद्रला बाप होता, पण वर्षातून एक महिना. पुढे तो पुण्याला गेला, आयर्लंडला आला, सगळं सोडलं, तरी तो महिना त्याच्यानं सोडवेना. त्या महिन्यात आपल्या हातून एखादा जीव जावा, मारलेल्या जनावराचं रक्त हाताला लागावं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. आणि हे कुणाला, कसं सांगायचं? सुलेखाला सांगायला गेला तर ती म्हणाली, "अरे पण तू देवळात तरी जातोस का कधी? आणि पॉड्रिगचं काय? तो बूट घालून झोपायचा फक्त बाकी राहिलाय!"

पॉड्रिगला सांगायचंच, असं ठरवून शैलेंद्र जुलैत दोनदा त्याच्याकडे गेला. पहिल्यांदा पॉड्रिगनं त्याला आपला नवा पासपोर्ट दाखवला. दुसऱ्यांदा पुतण्याला गोठ्याची किल्ली देऊन झाल्याचं सांगितलं. दोन्ही वेळा शैलेंद्र चहा पिऊन, मूग गिळून परत आला. ऐन वेळी आजारी पडावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. माणूस इतका गुळमुळीत असला की तो खोटं बोलायला धजत नाही आणि खरंही बोलायला धजत नाही; दिवस मात्र थांबत नाहीत.

ऑगस्टची अकरा तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार, म्हणून सुलेखानं दुपारी मटण केलं होतं. अनुया कॅमोगीची, म्हणजे तिथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाची, मॅच खेळून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. ताटावर बसताना तिनं विचारलं, "व्हॉट्स गटारी, आजोबा? आई सेड इट्स गटारी टुडे."

अण्णा खुशीत हसले. "गटारी म्हंजी काय, उद्यापासनं म्हैनाभर बंद, म्हणून आज समदं उरकून घ्यायचं! एका गटारीला मला तर हातगाडीवर घालून आणला हुता लोकांनी. ऊस वाहायची हातगाडी. म्होरं धा पोरं नाचत, मागं कुत्री. तुझी आज्जी दारात हुबी, कपाळाला हात लावून..."

अनुया खळखळून हसली. सुलेखालाही हसू आवरेना. शैलेंद्र ताटाकडे बघत होता. ती हातगाडी त्याला आठवत होती. दाराच्या फटीतून त्यानं ती पाहिली होती, आणि त्यानंतरची रात्रही.

"तू का हसत न्हाईस?" अण्णांनी विचारलं. "सुलेखा म्हनत हुती, तुझं आफ्रिकेचं श्रावणात आलंय म्हणून तोंड पाडून बसलाईस. आरं जा की! कोन पाळतंय आता? म्या सुदीक सोडून दिला श्रावण. प्रभा गेल्यापासनं काय पीतच न्हाय, तर श्रावण काय आन् भादवा काय."

"तुम्ही सोडा," शैलेंद्र म्हणाला. "मी नाही सोडणार."

त्याचा आवाज मोठा नव्हता. पण असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता.

"आरं पर का?"

"कारण माझ्याकडे तेवढाच आहे. सायकल श्रावणात. संगम श्रावणात. माझा भात तुम्ही कालवलात तो श्रावणात. तुम्ही माझ्याशी जे काही धड बोललात, अण्णा, ते सगळं श्रावणातलं आहे. गटारीच्या रात्री मी जागा राहायचो, कारण ती एक रात्र गेली की उद्या तुम्ही येणार असायचात. तो महिना पण सोडला, तर माझ्याकडे तुमचं उरतं काय?"

अनुया हसायची थांबली होती. सगळं मराठी तिला समजत होतं. सुलेखानं वाटीतला रस्सा उगाच ढवळला.

"आणि दारू आई गेल्यावर सोडलीत," शैलेंद्र म्हणाला. "आई गेल्यावर!" मग तो उठला आणि हात धुवायला गेला, आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तिथेच उभा राहिला.

अण्णांनी जेवण अर्धं टाकलं. मागच्या दारी जाऊन खुर्चीवर बसले. संध्याकाळी अनुया त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

सकाळी शैलेंद्र खाली आला तेव्हा अण्णा अंघोळ करून, टोपी घालून, कोट चढवून दारात उभे होते. "त्या शेतकऱ्याकडं जायचंय," ते म्हणाले. "गडी वाट बघत असंल. त्याला असं लटकत ठेवू नगंस. म्या येतो संगं."

"तुम्ही कशाला?"

"तुझ्यानं सांगवत न्हाय म्हणून."

रविवार होता. पॉड्रिग नुकताच चर्चमधून, मासची प्रार्थना करून आला होता. चांगला कोट आणि त्याखाली आफ्रिकेचे बूट. त्यानं अण्णांना वडीलधाऱ्या मानानं खुर्ची दिली. शैलेंद्र उभाच राहिला आणि त्यानं सांगून टाकलं. श्रावण म्हणजे काय, अधिक महिना म्हणजे काय, हिशेब कुठे चुकला. वडिलांचं सांगताना त्यानं फक्त एवढंच म्हटलं की लहानपणी त्या एका महिन्यात घरात शांतता असायची. पॉड्रिगनं एकदा अण्णांकडे पाहिलं. तसली घरं लीशमध्येही आहेत. त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"हे तुला कधी कळलं?" पॉड्रिगनं विचारलं.

"जूनमध्ये."

"जूनमध्ये!" पॉड्रिगचा चेहरा लाल झाला. "आणि तू माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यालास? पासपोर्टवरच्या फोटोला हसलास? तू मारशील न मारशील, मला काय त्याचं! पण तू मला आंधळ्यासारखं चालवत ठेवलंस, शे. डोंगरात असं केलं असतंस तर मी तुला परत नेलं नसतं."

शैलेंद्र मान खाली घालून उभा होता. अण्णांना शब्द कळत नव्हते, पण मुलाला कुणीतरी रागावतंय एवढं कळत होतं. ते खुर्चीतून अर्धवट उठले आणि मराठीत म्हणाले, "त्याला बोलू नगा. चूक त्याची न्हाय. माझी हाय." पॉड्रिगनं शैलेंद्रकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

शैलेंद्रनं भाषांतर केलं.

पॉड्रिग खिडकीशी गेला, बाहेर गाईंकडे बघत उभा राहिला. "मला तुझा तो महिना समजत नाही," तो म्हणाला. "समजायला पाहिजे असंही नाही. बंदूक घरी ठेव. तिकडे नुसतं बघायला येणाराही चालतो, तूच वाचून दाखवलं होतंस मला. तू माझी काठी धर आणि मी चुकीच्या वेळी बोट लावलं तर खांद्याला हात लाव. विमानात बसणार आहेस की नाही, तेवढं सांग."

"बसणार आहे."

"मग झालं. ग्रँड." आणि तो चहा ठेवायला वळला, पण त्याचा राग अजून गेलेला नव्हता, कप त्यानं जरा जोरातच मांडले.

परत येताना घराच्या फाटकाशी शैलेंद्रनं गाडी थांबवली, तेव्हा अण्णा पुढच्या काचेकडे बघत म्हणाले, "बाकीचं अकरा म्हैनं तुला काय वाटत असंल, ह्याचा म्या कधी इचारच केला न्हाय बघ. मला वाटायचं, पोरगं ल्हान हाय, झोपत असंल."

शैलेंद्रचे हात स्टिअरिंगवरच होते.

"प्रभा हुती तवर रोज वाटायचं, उद्या सोडू. तिनं लई सांगितलं. ती गेली आन् सांगणारंच कोण न्हाय म्हटल्यावर लाज वाटाया लागली. तिला दिसायला पायजे हुतं, खरं हाय तुझं." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर तीन वर्सं झाली, शैलू. आता बाराही म्हैनं म्या तसाच हाय, श्रावणातल्यागत. तू बघाया येत न्हाईस एवढंच. हितं आल्यापासनं बसून हाय मागच्या दारी, आन् तू वर."

गाडीचं इंजिन चालूच होतं. शैलेंद्रनं ते बंद केलं.

"आफ्रिकेला जाऊन ये," अण्णा म्हणाले. "तू येशील तवा श्रावणाचं थोडं दीस राहिलेलं असतील. त्ये सरलं तरी म्या हाय हितं आठवडाभर. तवा बी ये खाली. भादव्यात बी बस माझ्याजवळ."

अण्णांनी दार उघडायला हात पुढे केला. शैलेंद्रनं तो हात धरला आणि तसाच धरून ठेवला. आतून अनुयानं पडदा बाजूला करून पाहिलं, पण बाहेर आली नाही.